भांडी घासायच्या पाण्यात तिने जे पाहिलं, त्यातून पुढे साबणाचं कोडं सुटलं

एक रील तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. ताटात पाणी घ्यायचं, त्यावर मिरपूड भुरभुरायची, बोटाला भांडी घासायचं लिक्विड लावायचं आणि ते बोट पाण्याच्या मधोमध टेकवायचं. पापणी लवायच्या आत सगळी मिरपूड ताटाच्या कडेला पळते. कोरोनाच्या काळात तर साबणाला घाबरून जंतू कसे पळतात हे पोरांना पटवायला घरोघरी हा प्रयोग झाला.

आता गंमत अशी की साबण मिरपुडीला ढकलत नाही. तिला ओढतं ते पाणी. पाण्याचा वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा असतो. आपण मध्ये साबण लावला की तिथला ताण सैल पडतो, पण कडेचं पाणी अजून तसंच ताणलेलं असतं. रस्सीखेचीत एका बाजूच्या गड्यांनी दोर ढिला सोडला की काय होतं? तेच इथं होतं. वरचा थर कडेकडे खेचला जातो आणि त्याच्यासोबत मिरपूडही जाते.

पाण्याच्या या पडद्यावर जगात भल्याभल्यांनी डोकं लावलं. पण त्यावर पसरलेला नजरेला न दिसणारा थर दाबून, सैल सोडून, त्याचा ताण मोजायची साधी आणि पक्की युक्ती जिने काढली ती ना प्राध्यापक होती, ना तिच्याकडे प्रयोगशाळा होती. ती घरातली थोरली मुलगी होती. स्वयंपाक, आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि भांडी हे तिचं रोजचं काम.

नाव, ॲग्नेस पॉकेल्स.

14 फेब्रुवारी 1862 रोजी व्हेनिसमध्ये तिचा जन्म झाला. घर जर्मन होतं आणि व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. वडील थिओडोर पॉकेल्स ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी. उत्तर इटलीत मलेरियाने थैमान घातलेलं होतं आणि घरातली माणसं त्यात सापडली. वडिलांची तब्येत ढासळली, त्यांना मुदतीआधीच निवृत्ती घ्यावी लागली आणि 1871 मध्ये बिऱ्हाड जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या गावी आलं. मलेरिया डासांमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये भारतात दाखवलं. (पुढे डासांच्या अळ्या मारायला साचलेल्या पाण्यावर तेल ओतायची पद्धत आली. आपल्याकडे गटारात जळकं ऑइल टाकतात तीच. तेलाच्या थराने अळीचा श्वास कोंडतो आणि पाण्याचा ताणही कमी होतो, मग अळीला वर लटकून राहता येत नाही. म्हणजे ज्या रोगाने या घराची घडी विस्कटली, त्याच्यावरचा एक इलाज याच मुलीच्या विषयातला होता.)

ब्राउनश्वाइगमध्ये ॲग्नेस मुलींच्या शाळेत जायला लागली. तिला ओढ होती भौतिकशास्त्राची. पण मुलींच्या शाळेत विज्ञान जेमतेम शिकवायचे आणि शाळा संपली की पुढे दार बंद. जर्मनीतल्या विद्यापीठांनी मुलींना रीतसर प्रवेश दिला तो 1900 ते 1909 या काळात, एकेका राज्याने आपापल्या सवडीने. थोडी वाट सैल झाली तेव्हा ॲग्नेसला जायची इच्छा होती, पण घरच्यांनी नको म्हटलं. आईवडील दोघंही आजारी, लग्न न झालेली मुलगी घरात, मग घर कोण बघणार? आपल्याला हे काही परक्या देशातलं वाटायला नको. असं वाक्य प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या मावशीबद्दल ऐकलेलं असतं.

तिचा धाकटा भाऊ मात्र शिकला. फ्रिड्रिश तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तो ग्योटिंगनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकला, पुढे हायडेलबर्गला प्राध्यापक झाला. विजेच्या क्षेत्रात काही स्फटिकांमधून जाणारा प्रकाश कसा बदलतो, हे त्याने मांडलं. त्याला आज पॉकेल्स परिणाम म्हणतात आणि लेझरच्या यंत्रांमध्ये पॉकेल्स सेल नावाचा भाग त्याच्याच नावाने बसतो. इंजिनिअरिंगच्या पोरांना पॉकेल्स म्हटलं की भाऊच आठवतो. पण या भावाने एक मोलाचं काम केलं. तो आपली पुस्तकं बहिणीला देत राहिला आणि बाहेर कोण काय करतंय ते कळवत राहिला. ॲग्नेसचं विद्यापीठ म्हणजे ही पुस्तकं.

आणि प्रयोगशाळा म्हणजे भांड्यांचं पाणी. घरच्यांनी मागे ठेवलेल्या आठवणींनुसार सगळं सुरू झालं ते तिथूनच. खरकटी भांडी धुतल्यावर पाण्यावर तेलकट तवंग येतो. तो कधी पसरतो, कधी आकसतो, साबण पडला की फाटतो, त्यावर तरंगणारे कण अचानक एका बाजूला धावतात. रोज कोट्यवधी बायका हे पाणी मोरीत ओतून देतात. अठराएकोणीस वर्षांच्या ॲग्नेसला प्रश्न पडला की हे असं का होतं?

त्यासाठी आधी पाण्याचं वागणं बघावं लागेल.

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. भांड्याच्या आत, खोलवर असलेल्या रेणूला चारही बाजूंनी आणि वरखाली सोबती असतात, त्यामुळे त्याची ओढाताण सगळीकडून सारखी. पण अगदी वरच्या रेणूच्या डोक्यावर हवा असते. त्याला ओढणारे सगळे बाजूला आणि खाली. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग कायम आकसायला बघतो, कमीत कमी जागा व्यापायला बघतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. पावसाचा थेंब गोल होतो तो यामुळे. वाटीत काठोकाठ पाणी भरलं तरी ते थोडं फुगून उभं राहतं तेही यामुळे. किडे पाण्यावर चालतात, सुई अलगद ठेवली तर तरंगते, सगळी पृष्ठताणाची करामत.

हा ताण कपडे धुताना मात्र आडवा येतो. साधं पाणी धाग्यांच्या बारीक फटींत नीट शिरत नाही, तेलकट डागावर पसरत नाही, नुसते थेंब होऊन बसतात. आणि तेल तर पाण्यात मिसळतच नाही. साबण यात नेमकं काय करतो हे कळायचं असेल तर पृष्ठभागावर साबणाचा, तेलाचा जो थर बसतो तो किती दाट झाला की ताण किती पडतो, हे मोजायला हवं. पण नजरेला न दिसणारा थर मोजणार कसा?

ॲग्नेसने 1882 च्या आसपास यासाठी जे यंत्र बनवलं ते बघून आजही शास्त्रज्ञांना कौतुक वाटतं. पत्र्याची एक उथळ, लांबट पन्हाळ. लांबी 70 सेंटिमीटर, रुंदी 5, उंची जेमतेम 2. ती पाण्याने काठोकाठ भरायची. वर दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी आडवी टाकायची, अशी की तिची खालची बाजू पाण्याला टेकेल. झालं यंत्र. ही पट्टी सरकवली की पाण्याचा वरचा थर दोन भागांत विभागला जातो. एका बाजूची जागा कमी होते, दुसऱ्या बाजूची वाढते. पाणी पट्टीच्या खालून इकडून तिकडे जाऊ शकतं, पण पाण्यावर बसलेला तेलाचा थर अडकून पडतो. म्हणजे थराला हात न लावता त्याला दाबायचं किंवा पसरायचं.

ताण मोजायला तिने छोटा तराजू घेतला. त्याच्या एका बाजूला बारीक चकती टांगली, बटणाएवढी, व्यास सुमारे 6 मिलिमीटर. चकती पाण्याला टेकवायची आणि दुसऱ्या बाजूला वजन वाढवत जायचं. किती वजनाला चकती पाण्यापासून सुटते, त्यावरून पाण्याने तिला किती घट्ट धरलं होतं ते कळतं. घरात असलेल्या वस्तूंतून एवढं सगळं. खर्च काय आला असेल ते तुम्हीच बघा.

या पन्हाळीत तिला दोन गोष्टी सापडल्या.

पहिली म्हणजे आपण ज्याला स्वच्छ पाणी म्हणतो त्याचा पृष्ठभाग स्वच्छ नसतोच. बोट लागलं, भांड्याच्या कडेचा तेलकटपणा उतरला, हवेतली धूळ बसली की तो मळतो. तोवर अनेकांच्या मोजमापात आकडे जुळत नव्हते त्यामागे हा मळ होता. ॲग्नेसने इलाजही काढला. पट्टी एका टोकापासून सरकवत न्यायची, मळलेला थर सगळा दुसऱ्या टोकाला गोळा होतो आणि पट्टीच्या मागे कोरा करकरीत पृष्ठभाग मिळतो. ओटा पुसतो तसं पाणी पुसायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाण्यावर थोडंसं तेल असेल आणि जागा भरपूर असेल, तर ताण जवळपास स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. पट्टी सरकवत जागा कमी करत गेलं तरी बराच वेळ काहीच बदलत नाही. आणि मग एका ठराविक जागी पोचलं की ताण एकदम घसरायला लागतो.

लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. डब्यात वीस माणसं असतील तर कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. तीस झाली तरी लागत नाही. पण एक वेळ अशी येते की सगळ्यांचे खांदे खांद्याला भिडतात आणि त्यानंतर चढणारा एकेक माणूस अख्ख्या डब्याला जाणवतो. पाण्यावरच्या रेणूंचं अगदी तसंच होतं. ताण घसरायला लागतो ती जागा म्हणजे रेणू खांद्याला खांदा लावून उभे राहिल्याची खूण. पृष्ठभागावर एका रेणूच्या जाडीचा थर पूर्ण भरल्याची खूण. ॲग्नेसला तेव्हा रेणूंचं हे चित्र दिसत नव्हतं, अनेकांना रेणू खरंच असतात का याचीच शंका होती असा तो काळ. पण वळण तिने बरोबर पकडलं होतं. आज त्याला तिच्याच नावाने पॉकेल्स बिंदू म्हणतात.

हे सगळं झालं आणि ते घरातच राहिलं. विद्यापीठाचा शिक्का नाही, ओळखपाळख नाही, आपण केलंय ते आधी कुणी केलंय का हे तपासायला ग्रंथालय नाही. वर्षं जात राहिली. 1880 च्या सुमारास पडलेल्या प्रश्नाची उत्तरं वहीत साठत गेली आणि ॲग्नेस 28 वर्षांची झाली.

तिकडे इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले याच विषयावर काम करत होते. मोठं नाव. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुखपद सांभाळून ते एसेक्समधल्या आपल्या वाड्यावर परतले होते आणि तिथेच प्रयोग करत. पुढे 1904 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आर्गॉन वायूच्या शोधासाठी. 1890 मध्ये त्यांनी पाण्यावर ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडून थराची जाडी काढली. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. तेलाचा थर दोन नॅनोमीटरपेक्षाही पातळ निघाला. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या एका तळ्यावर चमचाभर तेल टाकून ते अर्ध्या एकरावर, आपल्या भाषेत वीस गुंठ्यांवर पसरताना पाहिलं होतं. पण त्यावरून जाडीचं गणित त्याने काही मांडलं नव्हतं.

रॅले यांच्या प्रयोगांची बातमी जर्मन नियतकालिकात आली, ती फ्रिड्रिशमार्फत बहिणीपर्यंत पोचली. आपण जे वर्षानुवर्षं करतोय तेच हा माणूस करतोय आणि आपण त्याच्या पुढे गेलोय हे तिच्या लक्षात आलं.

10 जानेवारी 1891 ला तिने रॅले यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. आधी आगाऊपणाबद्दल माफी मागितली, मग आपल्याला काही कारणांमुळे शास्त्रीय नियतकालिकात छापणं जमण्यासारखं नाही हे सांगितलं, आणि नंतर मुद्देसूद सगळं मांडलं. पन्हाळ कशी, पट्टी कशी, मोजायचं कसं, काय निघालं. एका अनोळखी बाईचं पत्र, परदेशातून, परक्या भाषेत, प्रयोग म्हणाल तर पत्र्याच्या भांड्यात केलेले.

रॅले यांनी ते बाजूला टाकलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांच्या बायकोने, लेडी रॅले यांनी, त्याचा इंग्रजी अनुवाद केला. रॅले यांनी तो नेचर या विज्ञानातल्या सगळ्यात वजनदार नियतकालिकाकडे पाठवला आणि सोबत शिफारस जोडली. पत्राचा पहिला भाग आपल्याच कामाशी जुळतो आणि पुढचा भाग नवं काही सुचवणारा आहे, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. 12 मार्च 1891 च्या अंकात पत्र छापून आलं. वर शीर्षक पृष्ठताण, खाली नाव ॲग्नेस पॉकेल्स.

माझ्या मते या गोष्टीतला हा सगळ्यात मोठा क्षण. रॅले तोच विषय हाताळत होते, ते पत्र वाचून गप्प बसू शकले असते किंवा त्यातली युक्ती उचलू शकले असते. त्यांनी तिच्याच नावाने छापायला लावलं. आणि नेचरमध्ये छापून आल्यावर आपणही आता अगं-तुगं सोडून त्यांना अहो-जाहो करूया.

पुढच्या तीन वर्षांत ॲग्नेसबाईंचे आणखी लेख नेचरमध्ये आले. 1892 मध्ये त्यांनी एक छोटी पण फार कामाची गोष्ट सुचवली. पाण्यावर अगदी मोजून मापून पदार्थ पसरायचा तर तो आधी बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवायचा आणि त्याचा थेंब पाण्यावर सोडायचा. द्रव उडून जातो, पदार्थाचा थर मागे राहतो. किती टाकलं याचा चोख हिशेब राहतो. आजही प्रयोगशाळांमध्ये हेच करतात.

आता हे सगळं साबणाशी कसं जोडलेलं आहे ते सांगतो.

साबणाचा रेणू अळीसारखा लांबट असतो. त्याचं एक टोक, ज्याला डोकं म्हणू, पाण्याला धरून राहतं. बाकीचं शेपूट तेलाच्या जातीचं असतं, पाण्यापासून पळ काढतं. असा दुटप्पी रेणू पाण्यात पडला की तो सोयीची जागा शोधतो आणि ती जागा म्हणजे पृष्ठभाग. डोकं पाण्यात, शेपूट वर हवेत. असे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात तेव्हा पाण्याच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सुटते आणि ताण कोसळतो. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण ज्या मापात 72 भरतो, त्याच मापात साबणाच्या पाण्याचा 30 च्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. मग ते पाणी पसरतं, फटींत शिरतं, कापड भिजवतं.

पृष्ठभाग भरला की उरलेले रेणू पाण्याच्या आत गोळे करतात. सगळी शेपटं आत, सगळी डोकी बाहेर. या गोळ्याला मायसेल म्हणतात. ताटाला चिकटलेलं तूप याच शेपटांना सापडतं. शेपटं तुपात घुसतात, डोकी पाण्याच्या बाजूला राहतात, तुपाचा थेंब सुटतो आणि चहूबाजूंनी डोक्यांनी वेढला जातो. दोन थेंबांची डोकी एकमेकांना दूर सारतात म्हणून थेंब परत एकत्र येत नाहीत. वरून पाणी ओतलं की सगळं वाहून जातं. फेसाचा यात फारसा हात नसतो बरं का. वॉशिंग मशीनच्या पावडरीला मुद्दाम कमी फेस आणतात, तरी कपडे निघतात.

अशा रेणूंना सर्फॅक्टंट म्हणतात. सरफेस ॲक्टिव्ह एजंट या तीन शब्दांची ही गाठोडी 1950 च्या सुमारास बांधली गेली. म्हणजे ॲग्नेसबाईंच्या हयातीत हा शब्दच नव्हता. पण आज घरभर तेच आहेत. शाम्पूत, टूथपेस्टमध्ये, चॉकलेटमध्ये, आइस्क्रीममध्ये. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन तेल आणि व्हिनेगरला एकत्र बांधतं म्हणून मेयोनीज जमतं. केसांच्या कंडिशनरमधल्या सर्फॅक्टंटचं डोकं धन भाराचं असतं, ते ऋण भाराच्या केसाला चिकटून बसतं. आजीचा रिठाही याच जातीचा, त्यात सॅपोनिन असतं. आणि शेतकऱ्याला तर हे सांगायलाच नको. कांद्याच्या किंवा कोबीच्या मेणचट पानावर औषधाचा थेंब टिकत नाही, घरंगळतो, म्हणून फवारणीच्या पंपात स्टिकर टाकतात. ते स्टिकर म्हणजे सर्फॅक्टंटच.

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस का येत नाही याचंही उत्तर इथंच आहे. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या डोक्याला पकडतं आणि त्याचा न विरघळणारा पांढरट साका होतो. बादलीला चिकटतो तो. डिटर्जंटच्या रेणूचं डोकं वेगळ्या प्रकारचं असतं, ते या तावडीत तितकं सापडत नाही. हे कृत्रिम डिटर्जंट बनवायची पहिली मोठी धडपड झाली ती पहिल्या महायुद्धात, जर्मनीत. साबणाला लागणारी चरबी मिळेनाशी झाली होती.

तोवर ॲग्नेसबाईंचं काम जवळजवळ थांबलं होतं. आईवडिलांच्या आजारपणात त्यांचा सगळा वेळ जात होता. 1902 नंतर प्रयोग कमी होत गेले. 1906 मध्ये वडील गेले. 1913 मध्ये फ्रिड्रिश गेला, वयाच्या 48 व्या वर्षी, आणि त्याच्यासोबत बाहेरच्या जगाशी जोडणारा धागा तुटला. पुढच्याच वर्षी आई गेली आणि युद्ध सुरू झालं. परदेशी नियतकालिकं येईनाशी झाली, स्वतःची नजर आणि तब्येतही साथ देईना.

याच काळात, 1917 मध्ये, अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी तेलाच्या थरांवरचा मोठा शोधनिबंध छापला. ते जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करत. त्यांचं यंत्र म्हणजे पाण्याची पन्हाळ, वर सरकती पट्टी आणि ताण मोजायची सुधारलेली सोय. रॅले यांनी 1899 मध्येच अंदाज बांधला होता की हा थर एकाच रेणूच्या जाडीचा असावा. लँगम्यूर यांनी ते पक्कं केलं, एकेका रेणूला किती जागा लागते आणि ते डोकं खाली शेपूट वर असे उभे राहतात हे दाखवलं. कॅथरीन ब्लॉजेट यांच्यासोबत पुढे त्यांनी असे थर काचेवर एकावर एक चढवले.

1932 मध्ये लँगम्यूर यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं. त्यांचं काम खरोखर मोठं होतं, कुणाचं काही चोरलं वगैरे भानगड नाही. पण त्या यंत्राला जगभर लँगम्यूर पन्हाळ असं नाव पडलं ते पडलंच. पत्र्याच्या पन्हाळीची मालकीण नावातून गळाली. अलीकडे काही जण दोघांचं नाव जोडून घेतात.

योगायोग असा की त्याच 1932 मध्ये ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने ॲग्नेसबाईंना मानद डॉक्टरेट दिली. वय 70. आदल्या वर्षी जर्मनीच्या कलॉइड सोसायटीने फ्रेंच शास्त्रज्ञ आँरी दव्हो यांच्यासोबत त्यांचा पुरस्कार देऊन गौरव केला होता. ज्यांच्या कामाला विद्यापीठाचं दार कधी उघडलं नाही त्यांच्या नावापुढे सत्तरीत डॉक्टर लागलं. ते त्यांनी तीनच वर्षं लावलं. 21 नोव्हेंबर 1935 रोजी ब्राउनश्वाइगमध्येच त्या गेल्या.

पन्हाळ मात्र थांबली नाही, आणि ती कुठे पोचली ते तुम्हाला अपेक्षित नसेल.

आपल्या फुप्फुसात 30 ते 50 कोटी बारीक फुगे असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला पाण्याचा पातळ थर. आता वर वाचलंच की पाण्याचा पृष्ठभाग आकसायला बघतो. मग श्वास सोडल्यावर हे फुगे चिकटून मिटून कसे जात नाहीत? 1957 मध्ये जॉन क्लेमेंट्स या अमेरिकी डॉक्टरने फुप्फुसातला अर्क अशाच सरकत्या पट्टीच्या पन्हाळीत पसरला आणि पट्टी पुढेमागे करून ताण मोजला. जागा कमी केली की ताण धाडकन खाली. फुप्फुस स्वतःचं सर्फॅक्टंट बनवतं हे त्यातून समोर आलं.

1959 मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की मुदतीआधी जन्मून श्वासाच्या त्रासाने दगावणाऱ्या बाळांच्या फुप्फुसात हेच सर्फॅक्टंट कमी असतं. गर्भात ते पुरेसं तयार व्हायला 34-35 आठवडे लागतात. कारण कळलं, पण औषध हातात नव्हतं. ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांत गेला. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या बाळाला देता येईल असं काही तेव्हा नव्हतं.

1980 मध्ये जपानच्या फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांना नळीवाटे श्वासनलिकेत दिलं आणि त्यांचा श्वास सुधारला. आज मोठ्या दवाखान्यांतल्या नवजात अतिदक्षता विभागात ते कुपीत मिळतं. मुठीएवढ्या छातीच्या बाळाला दिलं की फुगे उघडे राहायला लागतात, आणि निळसर पडलेली बोटं हळूहळू गुलाबी व्हायला लागतात.